मेहुणा "थांबा" म्हणणार नाही

गुहागरहून एका गृहस्थांनी विचारलंय, ते थोडक्यात असं. ते आणि त्यांचा मेहुणा मिळून ऑक्टोबरमध्ये हिमाचलातली पाच दिवसांची माउंटन बाईक शर्यत जोडीने करणार आहेत. नावनोंदणी झाली, पैसे भरले. हे अडतीस वर्षांचे, सात-आठ वर्षं नेमाने सायकल चालवणारे. मेहुणा एकतीसचा, चिपळूणला नोकरी, सायकल हाती येऊन दोन वर्षं झालेली. कुंभार्ली घाट दोघांनी बरोबर सुरू केला तर हे माथ्यावर पोचल्यावर तो बारा-तेरा मिनिटांनी येतो. प्रश्न असा: "सात महिन्यांत त्याचा वेग माझ्याइतका कसा करायचा? आणि नाहीच झाला तर शर्यतीत त्याला ओढत न्यायचं कसं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे. नाही होणार. सात महिन्यांत तो पुष्कळ सुधारेल, पण तेवढ्यात तुम्हीही सुधाराल, आणि फरक थोडा आटून राहीलच. त्यासाठी जीव काढू नका. अगदी सारख्या दमाची जोडी मी इतक्या वर्षांत एखादीच पाहिली असेल.

दुसऱ्या प्रश्नातला "ओढत न्यायचं" हा शब्दच मला खटकला. जोडीच्या शर्यतीत वेळ धरतात ती मागून येणाऱ्याची. दोघांतला दुसरा रेघ ओलांडतो तेव्हा जोडी पोचली. दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक ही या प्रकारातली सगळ्यात नावाजलेली शर्यत, २००४ पासून होते, आठ दिवसांची. तिथे जोडीदारांमध्ये दोन मिनिटांहून जास्त अंतर पडलेलं चालतच नाही, पडलं तर दंड. तुमच्या शर्यतीत ही मर्यादा किती आहे ते नियमपुस्तिकेत बघून ठेवा, पण हिशेब सगळीकडे हाच. तुम्ही माथ्यावर बारा मिनिटं आधी पोचलात याची घड्याळात किंमत शून्य. खरं म्हणजे शून्याच्याही खाली, कारण ती बारा मिनिटं कमवायला तुम्ही जो दम खर्च केलात तो मेहुण्याच्या कामी आला असता. तेव्हा खरा प्रश्न आहे तो तुमच्याकडची जादा ताकद त्याच्या खात्यात जमा कशी करायची, हा.

आणि त्याच्या आधीचा आणखी एक प्रश्न आहे. तो तुम्ही विचारला नाहीत, पण मला तुमच्या पत्रात दिसला. तुम्ही त्याचे भावोजी आहात. तो तुम्हाला अहो-जाहो करतो, वयाने सात वर्षं लहान आहे, आणि या शर्यतीत त्याला तुम्हीच आणलंत. असा माणूस चढावर तोंडाला फेस आला तरी "भावोजी, जरा थांबा" असं म्हणणार नाही. तो "बरा आहे, चला" म्हणेल आणि चौथ्या दिवशी आडवा होईल. पायातला फरक तुम्ही घड्याळाने मोजलाय. भिडेचं काय करणार?

माझीच गोष्ट सांगतो. मी रत्नागिरीत सायकलदुरुस्तीचं लहानसं दुकान चालवतो. जोडीने सहा शर्यती केल्या, त्यातल्या चार पुऱ्या झाल्या. पहिल्या शर्यतीत माझे जोडीदार होते दुकानात नेहमी येणारे एक शाळामास्तर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. चढावर मी पुढे निघून जायचो. वर दगडावर बसायचो, चिक्की खायचो, पाणी प्यायचो, दरीचे फोटो काढायचो. मास्तर आले की "चला" म्हणून माझा पाय पेडलवर. मला वाटायचं, थांबतोय म्हणजे मी केवढा समजूतदार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तंबूत मोजे काढता काढता मास्तर शांतपणे म्हणाले, "दोन दिवसांत तू अकरा वेळा बसलास. मी एकदाही नाही." मोजून ठेवलं होतं त्यांनी.

तिसऱ्या दिवशी माझं पोट बिघडलं आणि दुपारी उन्हात मी पार रिकामा झालो. हँडलवर डोकं टेकून उभा होतो. मास्तरांनी माझी बाटली काढून स्वतःच्या सायकलला लावली आणि मागच्या खिशातून आंबापोळीचा तुकडा काढला. घामाने ती कागदाला अशी चिकटली होती की दातांनी ओढून खावी लागली, निम्मा कागद तोंडात. पुढचे चौदा किलोमीटर ते माझ्यापुढे होते, आणि दर दोन-तीन मिनिटांनी मान वळवून बघत होते. एकदाही माथ्यावर जाऊन बसले नाहीत.

तेव्हापासून माझ्या जोडीत एक रिवाज आहे आणि तो तुम्ही आजच सुरू करा. दोघांच्याही हँडलला साधी घंटी लावा, मुलांच्या सायकलला असते तसली, पन्नास-शंभर रुपयांची. मागच्याने एकदा वाजवली की पुढच्याने वेग थोडा सोडायचा. दोनदा वाजवली की थांबायचं. कारण विचारायचं नाही. "काय झालं?" असं विचारलंत की मेहुणा ओशाळतो आणि पुढच्या वेळी घंटीला हात लावत नाही. पहिल्या महिन्यात दर फेरीत निदान एकदा तुम्ही स्वतः वाजवा, गरज असो नसो. भावोजी वाजवतात म्हटल्यावर त्याची भीड मोडेल. लहान मुलाचा खेळ वाटेल, पण "थांबा" हा शब्द जिभेवर येत नाही तिथे अंगठा काम करतो.

"कसा आहेस?" हा प्रश्नही बंद करा. त्याला आपल्याकडे "बरा आहे" हे एकच उत्तर असतं. त्यापेक्षा आकडा विचारा: दहापैकी किती? सात म्हणजे चालू दे, पाच म्हणजे पुढच्या पाण्यापाशी मोठा थांबा, तीन म्हणजे आत्ता. किंवा विचारूच नका, काम सांगा. "दोन घोट घे." "गिअर एक हलका कर." दमलेल्या माणसाला निर्णय घ्यायला लावू नये.

आता चढाविषयी. चढावर कमी दमाचा माणूस पुढे. बहुतेक जण याच्या उलटं करतात. चढावर वेग ताशी आठ-दहा किलोमीटर असतो, तिथे पुढच्याच्या आडोशाने वारा वाचत नाही, म्हणजे मागे राहण्यात त्याचा फायदा काहीच नाही. उलट पुढचं चाक लांब जाताना दिसलं की तो ओढाताण करून ते पकडायला बघतो, आणि तिथेच संपतो. तो पुढे असला की वेग त्याचा राहतो, एकसारखा राहतो. तुम्ही त्याच्या मागच्या चाकापासून दोन-तीन हात मागे. बाजूला याल तेव्हा हँडलला हँडल लावून या, अर्धं चाक पुढे काढू नका. अर्धं चाक पुढे काढणं हे न बोलता "आवर लवकर" म्हणणं आहे आणि ते समोरच्याला बरोबर कळतं. पहिल्या तासाचा वेग असा हवा की त्याला सलग दोन वाक्यं धाप न लागता बोलता आली पाहिजेत. तुम्हाला कंटाळा येईल. येऊ दे.

त्याचं सामान तुमच्या पाठीवर घ्यायचं का, असंही तुम्ही विचारलंय. घ्या, पण त्यातून किती मिळतं ते समजून घ्या. माणूस सत्तर किलो, सायकल तेरा, पाणी-हत्यारं-खाणं चार, असे सत्त्याऐंशी किलो तो वर चढवतो. तुम्ही त्यातले दोन किलो घेतलेत तर ओझं सव्वादोन टक्क्यांच्या आसपास कमी होतं. तासाभराच्या चढात सव्वा ते दीड मिनिट वाचलं. दिवसात तीन तास चढ असेल तर चार मिनिटं. वाईट नाही. पण पाणवठ्यावरच्या थांब्यांकडे बघा. दिवसात तीन थांबे, प्रत्येक ठिकाणी दोघं सायकली आडव्या टाकून बाटल्या शोधणार, टोपण उघडणार, केळं सोलणार, लघवीला जाणार, की सात-आठ मिनिटं कुठे गेली कळत नाही. तेच तुम्ही दोनशे मीटर आधी त्याच्या रिकाम्या बाटल्या घेऊन पुढे गेलात, भरून तयार ठेवल्यात आणि त्याने फक्त उभं राहून खाल्लं, तर दोन-अडीच मिनिटांत काम होतं. तीन थांब्यांत पंधरा मिनिटं. त्याच्या पायांना एक सेकंदाचीही जास्त मेहनत न घेता. तुमची ताकद खर्च करायची जागा ही आहे.

याची तालीम तुमच्या दाराशी आहे. गुहागरहून पालशेत, हेदवी करत तवसाळला या, फेरीबोटीने जयगडला उतरा आणि मालगुंड-गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन परत फिरा. तवसाळच्या धक्क्यावर बोट लागून फळी टेकेपर्यंत दोघांच्या बाटल्या भरलेल्या, चेनला तेल दिलेलं आणि पोटात काहीतरी गेलेलं असलं पाहिजे, असा नियम करा. बोट कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे शिस्त आपोआप लागते.

सपाटीवर आणि हलक्या उतारावर मात्र तुम्ही पुढे. ताशी पंचवीस-तीसच्या वेगाला वारा हाच मुख्य शत्रू, आणि चाकाला चाक लावून चालणाऱ्याची मेहनत चांगली जाणवेल इतकी वाचते. पण मागे चिकटून राहणं शिकावं लागतं. नवा माणूस घाबरून दोन सायकली मागे राहतो आणि मग आडोसाच मिळत नाही. त्यासाठी सड्यासारखी, म्हणजे आपल्या कातळाच्या सपाट पठारासारखी, जागा नाही. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की सड्यावरच्या सरळ रस्त्यावर तासभर त्याला आपल्या चाकामागे ठेवा. त्याचं लक्ष तुमच्या चाकावर नको, तुमच्या खांद्यांवर हवं. वारा तिरका असेल तेव्हा तो नेमका मागे नसावा, वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला थोडा सरकलेला असावा. चार-पाच वेळा केलं की जमतं. (सड्यावर रस्ता सोडून कातळावर सायकल घालायचा मोह होतो. रत्नागिरी-राजापूरकडच्या कातळशिल्पांचा, म्हणजे कातळावर खोदलेल्या जुन्या चित्रांचा, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला, आणि नोंद न झालेलीही अजून सापडतात. खडकावर खोदलेली रेघ दिसली तर सायकल उचलून बाजूने न्या.)

तीव्र उतारावर जो उतार चांगला उतरतो तो पुढे, मग तो कोणीही असो. मागच्याला त्याची वाट बघून शिकता येतं. अंतर मात्र भरपूर ठेवा, धुळीत पुढचा दगड दिसत नाही. पुढच्याने एकेका शब्दात ओरडायचं: "दगड", "पाणी", "डावीकडून", "उतरा". वाक्यं नकोत. हे शब्द आधी ठरवा आणि पाखाडीवर, म्हणजे गावातल्या पायऱ्यांच्या वाटेवर, तालीम करा. आपल्या पाखाड्यांच्या जांभ्याच्या पायऱ्या, कडेला गडगा, मध्येच आडवं फणसाचं मूळ, खाली वहाळावरचा साकव. एवढं नीट उतरता आलं तर हिमाचलातला जीपचा रस्ता त्याला रुंद वाटेल. फक्त सकाळी देवळात जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची वेळ सोडून जा.

म्हणजे झालं असं: चढावर तो पुढे, सपाटीवर तुम्ही पुढे, उतारावर ज्याचा हात बसलाय तो पुढे, आणि पाणवठ्यावर तुम्ही हमाल.

यात एक मोठा "पण" आहे तो उंचीचा. तुमचं गुहागर समुद्राच्या कुशीत, चिपळूणही फार वर नाही. हिमाचलातल्या शर्यती चढतात ती ठिकाणं वेगळीच. जालोरी खिंडीचं उदाहरण घ्या, ती साधारण ३,१२० मीटरवर आहे. ३,००० मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच मिळतो. याचा त्रास कोणाला किती होईल हे त्याच्या कुंभार्लीतल्या वेळेवरून सांगता येत नाही. इथे वाऱ्यासारखा पळणारा तिथे डोकं धरून बसलेला मी पाहिलाय. तुम्ही धरून चाललाय की कच्चा जोडीदार मेहुणा. तिसऱ्या दिवशी ते तुम्ही असू शकता. म्हणून वर मी जे जे "तुम्ही" म्हटलंय ते सगळं मेहुण्यालाही यायला हवं: बाटल्या भरणं, पुढे राहून वारा घेणं, आकडा विचारणं. एखादा रविवार मुद्दाम असा काढा की तुम्ही आदल्या दिवशी थकून घ्यायचं आणि त्या दिवशी सगळं त्याने चालवायचं. त्याला भावोजींना "हळू" म्हणायची सवयही त्यातूनच लागेल.

जमलं तर शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी पोचा आणि मध्यम उंचीवर राहा, हलकं फिरा. रजा मिळेल का हा तुमच्या दोघांच्या साहेबांचा प्रश्न. साधारण २,५०० मीटरच्या वर डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा उलटी सुरू झाली तर वर जायचं नाही. झोक जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं तर लगेच खाली आणि डॉक्टरकडे. तिथे जोडी, क्रमांक, भरलेले पैसे, कशाचाही विचार नको.

सरावाचं वेळापत्रक मी आकड्यांत देणार नाही, कारण त्याची नोकरी पाळीची आहे का, तुमच्या घरी लहान मूल आहे का, हे मला माहीत नाही. पण घडण सांगतो. आठवड्याच्या मधल्या दिवसांत दोघांनी वेगवेगळा सराव करा. ताकद वेगळी असताना रोज बरोबर चालवलं तर एकाचा सराव कमी पडतो आणि दुसऱ्याचा जास्त होतो. शनिवार-रविवार बरोबर, आणि बरोबर म्हणजे शर्यतीसारखंच: घंटी, शब्द, पुढे-मागे, सगळं. महिन्यातून एकदा सलग तीन दिवस. पहिला दिवस कोणालाही जमतो. तिसऱ्या सकाळी बुडाला फोड, मांड्या लाकूड आणि तोंडाला चव नाही, अशा अवस्थेत तुम्ही एकमेकांशी कसे बोलता हे बघायचं असतं.

आपल्याकडची अडचण अशी की किनाऱ्यावर लांब चढ नाही. खाडीपाशी उतरायचं, सड्यावर चढायचं, पुन्हा पुढच्या खाडीला उतरायचं. अशा दहा-बारा चढांची बेरीज मोठी होते, पण एकेक चढ पंधरा-वीस मिनिटांत संपतो. हिमाचलात दोन-दोन तास न संपणारा चढ असतो. त्यासाठी कुंभार्लीच. पोफळीकडून चढा, हेळवाकपर्यंत जा, परत या, जमेल तेव्हा पुन्हा एकदा चढा. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला निघून दहाच्या आत घरात. त्या दमट उन्हात दुपारी चालवण्यात मर्दुमकी नाही, नुसतं पाणी जातं.

जून ते सप्टेंबर लोक सायकल माळ्यावर टाकतात आणि तिथेच शर्यत हरतात. तुमची शर्यत ऑक्टोबरची, म्हणजे सगळा महत्त्वाचा सराव पावसात. मुसळधार पावसात घाटात जाऊ नका. दरड, धुकं आणि ट्रक हे तिन्ही एकत्र नकोत. सड्यावरच्या फेऱ्या करा. जांभ्यावर शेवाळ धरलं की तो साबणासारखा होतो, त्यावर वळताना ब्रेक अजिबात धरायचा नाही, वळणाआधीच वेग मारायचा. ही सवय हिमाचलातल्या ओल्या दगडांवर फुकट कामी येते. पावसात चालवलेल्या सायकलीचे ब्रेक मात्र दर आठवड्याला बघा. लाल चिखल पॅड कानशीसारखे खातो. दुकानात जुलैत माझं निम्मं काम तेच असतं. मऊ ऑरगॅनिक पॅड तर दोन लांब फेऱ्यांतही जातात. सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, पॅड जास्त टिकतात, पण तुमच्या रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) फक्त रेझिन, म्हणजे ऑरगॅनिक, पॅड वापरा असं कोरलेलं असेल तर ते लावू नका, रोटर खराब होतो.

सायकलींविषयी तुम्ही विचारलंत, दोघांना एकच मॉडेल हवं का? मॉडेल एक नसलं तरी चालेल, सुटे भाग एक हवेत. चाकाचा व्यास, चेन किती स्पीडची, ब्रेक पॅडचा आकार, टायर ट्यूबलेस, एवढं जुळवा. मग एक जादा ट्यूब, तुटलेली चेन जोडायची एक क्विक लिंक, पॅडचा एक जोड, एक पंप दोघांत पुरतो आणि एकाचं चाक गेलं तर दुसऱ्याचं सामान बसतं. मागचा गिअर बदलणारा डिरेलर जिथे बसतो तो हँगर मात्र प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तो ज्याचा त्याने दोन-दोन घेऊन यायचा. दगडावर पडल्यावर पहिला वाकतो तोच, आणि डोंगरातल्या गावात कुठल्याही किमतीला मिळत नाही. माझ्या न पुऱ्या झालेल्या दोन शर्यतींपैकी एक या तीस ग्रॅमच्या तुकड्यापायी गेली. चूक माझीच. दुसऱ्याला विकायला माझ्या दुकानात असे डझनभर टांगलेले होते.

मेहुण्याच्या सायकलला पुढचं चक्र तुमच्यापेक्षा लहान घाला. तुमचं ३२ दात्यांचं असेल तर त्याला ३० किंवा २८, मागे सगळ्यात मोठं ५० किंवा ५१. तो म्हणेल, इतका हलका गिअर लागत नाही. कुंभार्लीत नाही लागणार. तिसऱ्या दिवशी ३,००० मीटरवर लागेल.

खाण्याचं फार लांबवत नाही. सलग तीन-चार तास चालवताना ताशी साठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि ती पचवायची सवय पोटाला सरावातच लावावी लागते. मध्यम केळ्यात पंचवीस-सत्तावीस ग्रॅम असतात, बाकीचं गोड सरबतातून घ्या. मी बाटलीत कोकमाचं आगळ आणि साखर घालतो. आगळ मुळातच खारवलेलं असतं, त्यामुळे घामातून गेलेलं मीठही थोडं भरून येतं. फार आंबट झालं तर पोटात जळजळतं, तेव्हा चमचाभरापासून सुरू करा. आंबापोळी, राजगिऱ्याची चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे उत्तम. काजू घरचे असले तरी चालवताना नकोत, त्यातली चरबी पचायला वेळ लागतो. सकाळी उकड्या तांदळाची जाडसर पेज मिठाबरोबर मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण शर्यतीच्या छावणीत ती मिळणार नाही, म्हणून सरावात अधूनमधून ब्रेड-जॅम, राजमा-भात खाऊन चालवायची सवय करा. तुमच्या शर्यतीत पोटावर हेच येणार आहे.

छावणीत पोचल्यावरची दोन तासांची कामं आधीच वाटून घ्या. एक जण दोन्ही सायकली धुवून चेनला तेल देणार, दुसरा जेवणाची रांग, पाणी आणि ओले कपडे बघणार. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. पोचल्या पोचल्या घामाची पॅडवाली चड्डी काढून कोरडे कपडे घाला, मग बाकी सगळं. ओल्या चड्डीत गप्पा मारत बसलं की बुडाचे फोड वाढतात. आणि कानात घालायचे बोळे न्या. तुम्ही घोरता का हे मेहुण्याला विचारू नका, तुमच्या मिसेसना विचारा.

आता एक अवघड बोलणं, ते निघायच्या आधी घरी बसून करा. एक जण पुढे जाऊ शकला नाही तर दुसरा काय करणार? काही शर्यतींत उरलेला एकटा पुढे चालवू शकतो, पण जोडीच्या निकालात धरत नाहीत. काही ठिकाणी दोघंही बाहेर. तुमच्या शर्यतीचा नियम वाचा आणि मग ठरवा. आमचं ठरलेलं असतं ते असं: डोक्याला मार लागला की थांबायचं, तो कितीही म्हणाला मी बरा आहे तरी. उंचीचा त्रास झाला तर दोघं मिळून खाली, एकट्याला गाडीत बसवून दुसरा पुढे गेला असं नाही. गुडघा, पोट, थकवा यात दुसऱ्याने पुढे जायला हरकत नाही, पण "तू जा" हे दमलेल्याने सांगायचं, ताज्याने विचारायचं नाही. आणि हे बोलणं तुमच्या सौ.च्या समोर करा. तिचा भाऊ आणि तिचा नवरा दोघंही एकाच डोंगरात असणार आहेत. काय ठरलंय हे तिला माहीत असलं की फोन लागला नाही त्या रात्री ती निम्मी तरी झोपेल.

त्याच बैठकीत आणखी एक विचारून घ्या: आपण कशासाठी जातोय? तुमच्या पत्रावरून मला वाटलं तुम्हाला क्रमांकात यायचंय. मेहुण्याला बहुधा वेळमर्यादेच्या आत पाच दिवस पुरे करून घरी फोटो पाठवायचाय. दोन्ही चांगलं आहे, पण एका जोडीत दोन्ही बसत नाही. क्रमांकाचं वेड असेल तर यंदा त्याच्याबरोबर पुरी करा आणि पुढच्या वर्षी एकट्याच्या गटात नाव घाला.

एक काम आत्ता करा. मेहुण्याची सायकल उलटी करून मागच्या चाकाचा एक्सल कुठल्या मापाचा आहे ते बघा, हँगरवर एखादा नंबर कोरलेला असला तर त्याचाही फोटो काढा, आणि दोन्ही मला पाठवा. हँगर मागवायला वेळ लागतो.